उसन्या आवाजाची गोष्ट

'सिंगिन इन द रेन' हे गाणं त्याच नावाच्या चित्रपटापेक्षा तेवीस वर्षांनी मोठं आहे. एमजीएम कंपनीच्या 'द हॉलिवूड रेव्ह्यू ऑफ 1929' या चित्रपटात ते क्लिफ एडवर्ड्सने गायलं, तेव्हा पडद्यावरचं माणूस बोलतं-गातं हीच मोठी नवलाई होती. शब्द आर्थर फ्रीडचे, चाल नेसिओ हर्ब ब्राउनची. पुढे फ्रीड गीतकाराचा निर्माता झाला, एमजीएममध्ये संगीतपट काढणाऱ्या विभागाचा सर्वेसर्वा झाला. 1950 मध्ये त्याने बेटी कॉमडेन आणि अडॉल्फ ग्रीन या न्यूयॉर्कच्या लेखकजोडीला बोलावलं आणि आपली व ब्राउनची जुनी गाणी त्यांच्यापुढे ठेवली. यांच्याभोवती एक चित्रपट लिहा, एवढीच मागणी. चालीवर शब्द बसवणं आपल्याला ठाऊक आहे. इथे गाण्यांच्या गाठोड्यावर अख्खी कथा बसवायची होती.

असल्या मागणीतून सहसा सुमार चित्रपट निघतात. कॉमडेन-ग्रीन यांचं शहाणपण असं की, त्यांनी गाण्यांना नवा पोशाख चढवला नाही. ही गाणी ज्या काळात जन्मली, तिथेच ती शोभतील हे त्यांनी ओळखलं. तो काळ म्हणजे मूकपटाचा बोलपट होतानाचा. ऑक्टोबर 1927 मध्ये 'द जॅझ सिंगर' लागला आणि वर्ष-दोन वर्षांत हॉलिवूडची घडी पार विस्कटली. डॉन लॉकवूड आणि लीना लॅमॉन्ट ही मूकपटातली लाडकी जोडी. लीनाचा आवाज मात्र पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा. बोलपट आला, आता काय करायचं? कॅथी सेल्डन नावाच्या नवख्या मुलीचा आवाज लीनाच्या तोंडी घालायचा. कथा एवढीच.

या चित्रपटाबद्दल लिहिणारे बहुतेक लोक 'निखळ आनंद' या शब्दापाशी थांबतात. आनंद आहेच. पण निखळ आनंदाचे डझनावारी संगीतपट त्या काळात निघाले आणि आज ते अभ्यासकांखेरीज कुणी पाहत नाही. हा टिकला, याचं कारण मला वेगळं वाटतं. सिनेमा आपल्याला कसा फसवतो हे हा चित्रपट एकेक करून उघडं करून दाखवतो आणि तरीही आपल्याला फसवतो. दुसरं असं की, ज्या लबाडीची तो टिंगल करतो तीच लबाडी त्याने स्वतः केलेली आहे.

सुरुवातच पाहा. 1927 सालचा एक झगमगाटी प्रीमियर. डॉन ध्वनिक्षेपकावर आपला जीवनपट सांगतो : उत्तम संस्कार, उत्तम शिक्षण, प्रतिष्ठा. त्याच वेळी पडद्यावर दिसतं ते गुत्त्यातलं नाचगाणं, भिकार नाटक कंपन्यांचे फड, मार खाणारा स्टंटवाला. आवाज एक सांगतो, चित्र दुसरंच. आवाज आणि चित्र यांची फारकत हा पुढच्या साऱ्या गोष्टीचा विषय. तो पहिल्या काही मिनिटांत विनोद म्हणून आपल्या खिशात टाकलेला असतो.

पण माझ्या मते या चित्रपटाचं मर्म पावसाच्या गाण्यात नाही. ते त्याआधी, रिकाम्या स्टुडिओतल्या प्रसंगात आहे. डॉनला कॅथीला प्रेमाचं सांगायचंय आणि त्याला ते सांगता येत नाही. तो नट आहे. योग्य देखावा असल्याशिवाय त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. मग तो तिला एका अंधाऱ्या, ओसाड स्टुडिओत नेतो. एक खटका दाबला की मागे संध्याकाळचं आकाश उजळतं. यंत्रातून धुकं. दिव्यातून चांदणं. मोठा पंखा लावला की उन्हाळी झुळूक. आणि एक साधी शिडी, तीच तिची गच्ची. प्रत्येक यंत्र आपल्या डोळ्यांसमोर चालू होतं. जादूगार टोपीतला चोरकप्पा दाखवून मग ससा काढतो तसं. आणि एवढं सगळं पाहूनही, तो गाऊ लागला, तिचे केस त्या पंख्याच्या वाऱ्यावर उडू लागले, की आपण गुपचूप विश्वास ठेवतो. (इथलं गाणंही 1929 चंच, 'द ब्रॉडवे मेलडी'मधलं, त्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं होतं, आज तो कुणाच्या स्मरणात नाही.) चित्रपटाचं रीतसर शिक्षण मी घेतलेलं नाही, त्यामुळे असे प्रसंग मला थांबवून, मागे नेऊन पुनःपुन्हा पाहावे लागतात. हा प्रसंग किती वेळा पाहिला याची मोजदाद नाही. पंखा दिसतो म्हणून झुळूक कमी झाल्याचं एकदाही जाणवलं नाही.

बोलपटाच्या बाळंतपणाचे हालही असेच दाखवलेत आणि ते बहुतांशी खरे आहेत. सुरुवातीच्या कॅमेऱ्यांची घरघर ध्वनिमुद्रणात येई, म्हणून कॅमेरा आणि कॅमेरामन दोघांनाही काचेची खिडकी असलेल्या बंद खोक्यात कोंडत. आत भट्टी. कॅमेरा हलणं बंद. माइक फुलदाणीत, झुडपात, कपड्यांत लपवायचा आणि नटाने मान वळवली की अर्धं वाक्य गायब. लीना झुडपातल्या माइकपासून तोंड फिरवते, मग माइक तिच्या पोशाखात शिवला जातो आणि तिच्या काळजाची धडधड ऐकू येऊ लागते, हा प्रसंग अतिशयोक्त आहे, खोटा नाही. 'द जॅझ सिंगर'च्या व्हिटाफोन पद्धतीत आवाज फिल्मवर नसे, वेगळ्या तबकडीवर असे. फिल्मच्या एका रिळाला एक तबकडी. सुई घसरली किंवा तुटलेल्या फिल्मचा तुकडा कमी झाला की ओठ एकीकडे, शब्द दुसरीकडे. नायिकेच्या तोंडून खलनायकाचा आवाज येतो तो हास्यकल्लोळाचा प्रसंग त्या काळच्या ऑपरेटरांचं दुःस्वप्नच आहे.

उसना आवाज हीदेखील कल्पनेची भरारी नव्हती. 1929 च्या 'वेअरी रिव्हर'मध्ये रिचर्ड बार्थेलमेस पडद्यावर गातो, तो गळा जॉनी मरीचा. त्याच वर्षी हिचकॉकच्या 'ब्लॅकमेल'मध्ये अ‍ॅनी ऑन्ड्राच्या चेक वळणाच्या इंग्रजीची अडचण आली. पुढून फिल्म घडवण्याची सोय नव्हती, म्हणून कॅमेऱ्याबाहेर उभी राहून जोन बॅरी संवाद बोलत होती आणि ऑन्ड्रा नुसते ओठ हलवत होती. 'द कॅनरी मर्डर केस'मध्ये लुईस ब्रुक्सच्या जागी मार्गारेट लिव्हिंग्स्टन बोलली. पडद्यावर पेच पडला की दुसऱ्या कुणाचा तरी गळा मागवायचा, ही रीत बोलपटाइतकीच जुनी.

आता खुद्द 1951 च्या चित्रीकरणाकडे वळू. कॅथी झाली होती डेबी रेनॉल्ड्स. वय एकोणीस, नृत्याचं शिक्षण जवळपास नाही. तिने जीन केलीच्या हाताखाली इतकी मेहनत केली की एका नाचाच्या दीर्घ चित्रीकरणानंतर पायांतून रक्त आलं. तो नाच आणि त्यातला आवाज तिचाच. पण कथेत ज्या ठिकाणी कॅथी लीनासाठी हळुवार प्रेमगीत गाते, तिथे निर्मात्यांना डेबीचा गळा पुरेसा भरदार वाटला नाही. ते गाणं बेटी नॉइस नावाच्या गायिकेने म्हटलं. म्हणजे पडद्यावर कॅथी लीनाला आवाज देतेय आणि प्रत्यक्षात कॅथीलाच तिसरी बाई आवाज देतेय. नॉइसचं नाव श्रेयनामावलीत नाही. दहा वर्षांपूर्वी डिस्नेच्या 'डम्बो'मधलं अंगाईगीतही तिनेच गायलं होतं. त्या गाण्याला ऑस्करचं नामांकन मिळालं, नॉइसचं नाव तिथेही नव्हतं.

याहून मजेची गोष्ट संवादांची. लीनाचे संवाद कॅथीच्या मधुर, सुसंस्कृत आवाजात पुन्हा मुद्रित होतात असं आपण पाहतो. तो मधुर आवाज प्रत्यक्षात जीन हेगनचा आहे, म्हणजे लीनाची भूमिका करणाऱ्या नटीचाच. हेगनचा मूळ आवाज खोल आणि गोड. लीनाची किरकिर ही तिने कमावलेली नक्कल. आवाज नसलेल्या बाईची भूमिका करणाऱ्या बाईचा आवाज, जिला आवाज आहे असं आपण समजतो तिच्या तोंडी घातलेला! लेखकांनी हे ठरवून केलं असतं तर त्यांना फार अवघड विनोद सुचला असं म्हटलं असतं. इथे तो केवळ सोयीचा भाग होता.

उसनवारी एवढ्यावर थांबत नाही. डोनल्ड ओकॉनरचं भिंतींवर चढणारं, सोफ्यासकट कोलमडणारं गाणं हे मोजक्या नव्या गाण्यांपैकी एक. त्याची चाल आणि बांधणी कोल पोर्टरने 1948 च्या 'द पायरेट'साठी केलेल्या विदूषकाच्या गाण्याच्या इतकी जवळ आहे की, शेजारी ठेवून ऐकावीत आणि हसावं. 'द पायरेट'चा निर्माताही फ्रीडच. डॉन आणि लीनाच्या मूकपटाचा जो तुकडा आपण पाहतो, त्यात केलीच्याच 1948 च्या 'द थ्री मस्कटिअर्स'मधली दृश्यं जोडलेली आहेत. म्हणजे गाणी जुनी, काही फिल्म जुनी, एक चाल उसनी, गळे अदलाबदलीचे. गोधडी म्हणावी ती हीच. गोधडीची ऊब नव्या ब्लँकेटला नसते, हेही खरं.

पावसाच्या गाण्याबद्दल दंतकथा पुष्कळ. पाऊस दिसावा म्हणून पाण्यात दूध मिसळलं होतं ही त्यातली सर्वांत टिकाऊ. पाऊस दिसतो तो मागून टाकलेल्या प्रकाशामुळे. रस्ता एमजीएमच्या आवारातला. दिवसा ताडपत्र्या टाकून रात्र केलेली, आणि केलीचे पाय जिथे पडायचे नेमके तिथे डबकी साचावीत म्हणून फरसबंदीत खड्डे खणलेले. केलीच्या अंगात 103 अंश ताप होता. या नाचात अवघड पदन्यास जवळजवळ नाहीत. केलीला त्याहून कितीतरी अवघड येत होतं. पण मोठ्या माणसाने शाळकरी पोरासारखं डबक्यात उड्या मारणं, हे कुठल्याही देशातल्या माणसाला भाषांतराशिवाय कळतं. उलट शेवटाकडचं ते लांबलचक ब्रॉडवे बॅले मला आजही जड वाटतं. सिड चरिस विलक्षण नाचते, मान्य. पण कथा ताटकळत उभी राहते. हे सगळं ऐकवल्यावर चित्रपटातला निर्माता म्हणतो की, आपल्याला हे काही डोळ्यांपुढे आणता येत नाही. तो विनोद लेखकांनी स्वतःवरच केला असावा असा मला संशय आहे.

चित्रपट 27 मार्च 1952 रोजी न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये लागला. आठवडाभर आधीच केलीच्या 'अ‍ॅन अमेरिकन इन पॅरिस'ने सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर पटकावलं होतं. त्या भारदस्त थोरल्या भावापुढे हा धाकटा चाललाही बरा, पण कुणी त्याला श्रेष्ठ म्हटलं नाही. दोन नामांकनं मिळाली, ऑस्कर एकही नाही. दोनांपैकी एक नामांकन हेगनचं. म्हणजे तिच्या नसलेल्या आवाजाचं. मान वाढला तो हळूहळू, पुढच्या दोन-तीन दशकांत. 1974 मध्ये एमजीएमने आपल्या जुन्या संगीतपटांतले वेचे जोडून 'दॅट्स एन्टरटेनमेंट!' काढला, तोवर अशा चित्रपटांचा कारखाना बंद पडला होता. मग 1982 च्या 'साइट अँड साउंड'च्या समीक्षक-मतदानात तो थेट तिसऱ्या स्थानी बरोबरीत दिसला. 2022 च्या यादीतही तो पहिल्या दहांत आहे. 'अ‍ॅन अमेरिकन इन पॅरिस' कुठेही नाही.

इथे आपल्याकडचा एक धागा जोडल्याशिवाय पुढे जाववत नाही. 'आलम आरा' 1931 मधला, प्रभातचा 'अयोध्येचा राजा' 1932 मधला. दुर्गाबाई खोटे त्यात स्वतः गायल्या. तेव्हा इलाजच नव्हता, वादक कॅमेऱ्याच्या आड बसवायचे आणि गात-गात अभिनय करायचा. 1935 मध्ये कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने 'धूपछाँव'मध्ये पार्श्वगायन आणलं आणि गळा व चेहरा यांची फारकत आपल्याकडे रूढ झाली. हॉलिवूडने ती लपवली. डेबोरा कर, नॅटली वूड, ऑड्री हेपबर्न यांच्यासाठी गाणाऱ्या मार्नी निक्सनचं नाव त्या चित्रपटांच्या श्रेयनामावलीत आलं नाही. आपण ती कालांतराने मिरवली. पण फुकट नाही. 1949 च्या 'महल'मधल्या खेमचंद प्रकाश यांच्या गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून नाव होतं 'कामिनी', म्हणजे मधुबालाने रंगवलेल्या पात्राचं. श्रोते रेडिओकडे विचारणा करू लागले, तेव्हा लता मंगेशकर हे नाव बाहेर आलं. फिल्मफेअरचा पार्श्वगायनाचा पुरस्कार 1959 मध्ये सुरू झाला, तोही लताबाईंनी समारंभात गायला नकार देऊन प्रश्न धसास लावल्यानंतर.

म्हणूनच त्या चित्रपटातला पडदा वर जाण्याचा प्रसंग मराठी प्रेक्षक किंचित वेगळ्या डोळ्यांनी पाहतो. लीना पुढे ओठ हलवतेय, मागे कॅथी गातेय, आणि डॉन, कॉस्मो व निर्माता तिघे मिळून दोरी ओढतात. पडदा उठतो, प्रेक्षागृह हसतं. अमेरिकन प्रेक्षकाला त्यात लबाडी पकडल्याचं सुख मिळत असेल. मला तिथे कॅथीची फरफट जास्त जाणवते. भर सभेत तिची फजिती होते, ती रडत पळत सुटते; तिला विश्वासात घेऊन हे करता आलं असतं. मित्रांनीही तिच्या आवाजाचा वापरच केला, फक्त चांगल्या हेतूने. डॉन मंचावरून ओरडून तिला थांबवतो आणि तुम्ही ऐकलेला आवाज हिचा, असं लोकांना सांगतो. मग शेवटचं दृश्य : टेकडीवर एक भलामोठा फलक, त्यावर नव्या चित्रपटाचं नाव 'सिंगिन इन द रेन' आणि त्याखाली दोन नावं, डॉन लॉकवूड आणि कॅथी सेल्डन. फलकासमोर दोघं उभी आहेत आणि पार्श्वभूमीला वृंदगान चाललंय. ज्या गाण्याचा तो समारोप आहे, त्या गाण्यातही कॅथीचा आवाज बेटी नॉइसचा आहे.