मौन आणि संमती

मौन हे संमतीचे लक्षण, असे एक जुने वचन आपल्याकडे आहे. मुलगी पाहायला मंडळी येतात, पोह्यांच्या बशा रिकाम्या होतात, मुलीला पसंती विचारली की ती मान खाली घालते. आणि मग एखादे काका हे वचन म्हणून मोकळे होतात. सगळे हसतात. घरात शोभणारे हे वचन एकदा न्यायमंदिरात जाऊन बसले, तेव्हा काय झाले ती हकिकत आज सांगावयाची आहे. फराळाच्या ताटाशी बसून वाचावी अशी ती गोड नाही. परंतु जिच्यामुळे आपल्या लेकीबाळींना कायद्याचा आधार मिळाला, त्या मुलीची आठवण सणासुदीला काढली तर बिघडले कुठे?

गोंदियाहून चांद्याकडे जाणाऱ्या रेल्वेवर वडसा-देसाईगंज हे गाव लागते. आज ते गडचिरोली जिल्ह्यात आहे. 1982 पूर्वी चंद्रपुरात होते. त्या भागातली ही आदिवासी पोर. आईबाप लहानपणीच गेलेले, भावाबरोबर राहावयाचे आणि मोलमजुरी करावयाची. ज्या घरी ती कामाला जाई, त्या घरच्या नात्यातल्या एका मुलाशी तिचे मन जुळले व दोघांनी लग्नाचे ठरविले. भावाने 26 मार्च 1972 रोजी देसाईगंजच्या ठाण्यात फिर्याद दिली, की बहिणीला पळवून नेले आहे. रात्री नऊच्या सुमारास सर्वांना ठाण्यावर आणून जबान्या घेतल्या. साडेदहाला बड्या हवालदाराने सर्वांना जावयास सांगितले. बहिणीच्या जन्मनोंदीची नक्कल आणावयास भावाला बजावले आणि तो स्वतः घरी गेला. मंडळी निघाली, तोच दोन पोलिसांनी तिला एकटीला थांबवून घेतले. दार लागले, दिवे मालवले. पुढे एकाने तिच्यावर बलात्कार केला आणि दारूच्या नशेतल्या दुसऱ्याने तिची विटंबना केली, असे तिने सांगितले. बाहेर थांबलेल्या माणसांनी हाका मारल्या, गर्दी जमली, तेव्हा कुठे फिर्याद लिहून घेतली गेली.

भावाला आणावयास सांगितलेली ती जन्मनोंद पुढे फार महत्त्वाची ठरली. डॉक्टरांनी मुलीचे वय 14 ते 16 च्या दरम्यान ठरविले. सोळा वर्षांखालील मुलीच्या संमतीला त्या वेळच्या कायद्यातही किंमत नव्हती. पण सोळाच्या आत असल्याचा पक्का पुरावा नाही, असे कोर्टाने धरले. शाळेच्या दाखल्यावर मुलींची जन्मतारीख लिहिताना मला ही गोष्ट हटकून आठवते. तारखेचा एक साधा कागद हाती असता, तर संमतीचा प्रश्नच उरला नसता.

1 जून 1974 रोजी सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडून दिले. मुलगी खोटारडी आहे आणि तिला शरीरसंबंधाची सवय आहे, असा शेरा निकालात आला. 12 ऑक्टोबर 1976 रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो निकाल फिरविला. भीतीने शरण जाणे म्हणजे संमती नव्हे, असे सांगून एकास पाच वर्षांची व दुसऱ्यास एक वर्षाची शिक्षा दिली. पण 15 सप्टेंबर 1978 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही मुक्त केले. अंगावर जखम नाही, तिने प्रतिकार केला नाही, आरडाओरड केल्याचे ती म्हणते ते खरे नाही. तेव्हा संमती होती, असा त्या निकालाचा आशय.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर. कायद्याचा पंडित नव्हे. पण मौन मी रोज पाहतो. तपासणीला साहेब आले, की तोंडपाठ उत्तर असलेले मूलही खिळल्यासारखे उभे राहते. दिवसाउजेडी, आपल्याच वर्गात, ओळखीच्या मास्तरांसमोर ही गत. मग रात्रीची वेळ, बंद दार, अंगावर वर्दी असलेली दोन माणसे, आणि समोर जंगलपट्टीतली एक पोरकी मजूर पोर! जिच्या जन्मात वर्दी म्हणजेच सरकार, तिने ओरडावयाचे ते कोणाला ऐकू जावे म्हणून? तक्रार घ्यावयाची जागा तीच होती.

नेमका हाच सवाल चार कायदेपंडितांनी विचारला. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार यांनी 16 सप्टेंबर 1979 रोजी सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहिले. शरण जाणे निराळे व संमती निराळी, हे त्यांनी ठासून मांडले. 8 मार्च 1980 रोजी मुंबई, दिल्ली, नागपूर अशा शहरांतून बायका रस्त्यावर आल्या. अखेर 1983 साली कायदा सुधारला. कोठडीतल्या अशा गुन्ह्यात संबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने ‘माझी संमती नव्हती’ असे सांगितले, तर न्यायालयाने तिचा शब्द धरून चालावयाचे, असे ठरले. 2013 च्या सुधारणेत त्याहून स्पष्ट शब्द आले: केवळ शरीराने प्रतिकार केला नाही, एवढ्यावरून स्त्रीची संमती होती असे मानता येणार नाही. दलित व आदिवासी स्त्रियांसाठी तेच तत्त्व अत्याचार प्रतिबंधक कायद्यातही 2016 पासून लागू झाले. देसाईगंजच्या त्या रात्रीपासून इथवर यावयास चाळीस वर्षांहून अधिक काळ लागला.

हे दुःख एकट्या झाडीपट्टीचे नाही. कॅनडात मॅनिटोबा प्रांतात हेलन बेटी ऑस्बॉर्न नावाची क्री जमातीची 19 वर्षांची विद्यार्थिनी होती. तिला शिक्षिका व्हावयाचे होते. 13 नोव्हेंबर 1971 रोजी, देसाईगंजच्या आधी अवघे चार-साडेचार महिने, चार गोऱ्या तरुणांनी तिला रस्त्यातून पळविले आणि तिचा खून झाला. शिक्षा झाली ती एकालाच, तीही 1987 साली. तिच्यासारख्या बेपत्ता व मारल्या गेलेल्या आदिवासी स्त्रियांची राष्ट्रीय चौकशी होऊन अहवाल बाहेर पडावयास 2019 साल उजाडले. समुद्र ओलांडला तरी रानातल्या लेकींचा शब्द ऐकावयास राज्यकर्त्यांचे कान सारखेच जड!

आपल्या मुलीचे नाव मात्र मी लिहिलेले नाही. पीडित स्त्रीचे नाव छापू नये, हा नियमही 1983 च्याच सुधारणेने आणला आणि आजच्या न्याय संहितेतही तो आहे. नियम आला तोवर तिचे नाव देशभर झाले होते. तिच्या स्वतःच्या खटल्याचा निकालही कधी बदलला नाही. कायदा पुढच्यांसाठी झाला. तिच्या वाट्याला त्यातले काही आले नाही.

नंदुरबार-धुळ्याकडची अपिले आमच्या छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठापुढे येतात. सातपुड्यातल्या पाड्यांवरून निघालेली माणसे कागदांची पिशवी छातीशी धरून आमच्या शहरात उतरतात. त्यांतली एखादी बाई विचारलेल्या प्रश्नाला चटकन उत्तर देत नाही. वाचकहो, तिच्या त्या मौनाचा अर्थ आपण ठरवू नये. तिला बसावयास जागा द्यावी, पाणी द्यावे आणि ती बोलेपर्यंत थांबावे.