संरक्षित सायकलमार्ग आणि नागरी सुरक्षितता : ब्रिटन व नेदरलँड्स यांच्या अनुभवाचा तुलनात्मक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

मोटारींच्या रहदारीतून सायकलस्वारास वेगळे काढले की तो सुरक्षित होतो, हे विधान वरकरणी इतके उघड वाटते की त्यास पुराव्याची गरज भासू नये. प्रत्यक्षात मात्र गेली सुमारे नव्वद वर्षे या विधानावर वाद चालू आहे. विशेष म्हणजे या वादात विरोधाची बाजू दीर्घकाळ सायकलस्वारांच्या संघटनांनीच लढविली. ज्यांच्या रक्षणासाठी मार्ग बांधावयाचे त्यांनीच ते नाकारावेत, ही घटना इतिहासाच्या अभ्यासकाने गांभीर्याने घ्यावी अशी आहे.

येथे 'संरक्षित सायकलमार्ग' म्हणजे उंच कडा, हिरवळीचा पट्टा, खांब किंवा उभ्या वाहनांची रांग यांनी मोटाररस्त्यापासून प्रत्यक्ष अलग केलेला मार्ग, असा अर्थ अभिप्रेत आहे. केवळ रंगाचा पट्टा ओढून दाखविलेली जागा या व्याख्येत येत नाही.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे दोन आहेत. १) ब्रिटन व नेदरलँड्स या देशांत संरक्षित सायकलमार्ग कोणत्या हेतूने निर्माण झाले याचा शोध घेणे. २) अशा मार्गांमुळे सुरक्षितता वाढते काय, याविषयीच्या आधुनिक अभ्यासांचा अर्थ या ऐतिहासिक पार्श्वभूमीवर लावणे. अभ्यास प्रकाशित दुय्यम साधनांवर आधारलेला असून पद्धती तुलनात्मक व विश्लेषणात्मक आहे.

ब्रिटन : रस्ता मोकळा करण्यासाठी मार्ग

१९३४ साली ब्रिटनमध्ये रस्ते अपघातांत ७,३४३ माणसे मृत्युमुखी पडली. त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये वाहतूकमंत्री लेस्ली होर-बेलिशा यांनी लंडनच्या पश्चिमेस वेस्टर्न ॲव्हेन्यू या नव्या रस्त्यालगत सुमारे अडीच मैल लांबीच्या व साडेआठ फूट रुंदीच्या सायकलमार्गाचे उद्घाटन केले. देशातील या प्रकारचा हा पहिला सरकारी प्रयोग होय.

१८७८ मध्ये स्थापन झालेल्या 'सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब' या संघटनेने या प्रयोगास कडाडून विरोध केला. तिच्या आक्षेपांचे दोन भाग पडतात. पहिला तांत्रिक होता. मार्ग अरुंद आहेत, त्यांचा पृष्ठभाग मोटाररस्त्याइतका चांगला नाही आणि प्रत्येक आडरस्त्यापाशी ते तुटतात. म्हणजे जेथे धोका सर्वाधिक तेथेच संरक्षण संपते. दुसरा आक्षेप हक्काचा होता. आज सोय म्हणून दिलेला मार्ग उद्या सक्तीचा होईल आणि सार्वजनिक रस्त्यावर चालविण्याचा अधिकार हिरावला जाईल, ही ती भीती.

ही भीती निराधार नव्हती. जर्मनीत १९३४ च्या वाहतूक नियमावलीने उपलब्ध सायकलमार्गाचा वापर बंधनकारक केला होता. ब्रिटनमध्येही लॉर्ड ॲल्नेस यांच्या अध्यक्षतेखालील उमरावांच्या सभागृहाच्या समितीने १९३९ मध्ये सायकलमार्गांचा विस्तार आणि त्यांच्या वापराची सक्ती यांचा पुरस्कार केला. लंडन पोलीस दलातील वरिष्ठ अधिकारी अल्कर ट्रिप यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस निरनिराळ्या प्रकारची वाहतूक अलग करण्याची जी विचारसरणी मांडली, तिचा भर मोटारींचा ओघ अखंड ठेवण्यावरही होता. सुरक्षितता हा उद्देश होता, यात शंका नाही. परंतु ती साधण्याचा मार्ग म्हणजे दुर्बळाने बाजूस सरावे, असा होता.

युद्धामुळे ही योजना मागे पडली. त्यानंतर सायकलचाच ऱ्हास सुरू झाला. १९४९ मध्ये ब्रिटनमधील एकूण सायकलप्रवास सुमारे २४ अब्ज किलोमीटर होता. १९७३ पर्यंत तो ४ अब्जांच्याही खाली आला. स्टीव्हनेज या नव्या नगरात अभियंता एरिक क्लॅक्स्टन यांनी भुयारी मार्गांसह उत्कृष्ट सायकलमार्गांचे जाळे उभारले. परंतु त्याच नगरात मोटारीने जाणेही तितकेच सोयीचे ठेवल्यामुळे नागरिक मोटारीकडेच वळले. मार्ग चांगले असणे पुरेसे नाही, हे या उदाहरणावरून दिसून येते.

नेदरलँड्स : आरंभ तोच, वळण वेगळे

नेदरलँड्समध्ये सायकलमार्ग हे प्रारंभापासून लोकहिताचे प्रतीक होते, असा समज रूढ आहे. तो तपासून घ्यावा लागतो. उट्रेख्त येथील मालीबान या रस्त्यावर १८८५ मध्ये सायकलींसाठी स्वतंत्र मार्ग झाला खरा. पण तो हौशी सायकलपटूंसाठी होता. १९२४ मध्ये तेथे सायकलवर कर बसविण्यात आला आणि त्याच्या उत्पन्नातून रस्ते बांधले गेले. रूथ ओल्डेन्झील यांच्यासारख्या तंत्रज्ञानाच्या इतिहासकारांनी दाखवून दिले आहे की, दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या काळात डच अभियंत्यांनाही सायकलींची गर्दी मुख्य रस्त्यावरून हटवून मोटारींना वाट करून द्यावयाची होती. सारांश, आरंभीचा हेतू ब्रिटनहून फारसा वेगळा नव्हता.

वळण आले ते १९७० च्या दशकात. १९७२ मध्ये नेदरलँड्समध्ये रस्त्यांवर ३,२०० हून अधिक माणसे मरण पावली. त्या दशकाच्या आरंभी मृतांमध्ये वर्षाकाठी ४०० हून अधिक मुले असत. पत्रकार विक लांगेनहॉफ यांची लहान मुलगी १९७१ मध्ये सायकलने शाळेत जाताना मोटारीखाली सापडून मरण पावली. १९७२ मध्ये 'डे टाइड' या वृत्तपत्रात त्यांनी लिहिलेल्या लेखाच्या शीर्षकावरून 'स्टॉप डे किंडरमोर्ड', म्हणजे 'बालहत्या थांबवा', ही चळवळ उभी राहिली. पुढे युरोपीय संसदेच्या सदस्य झालेल्या मार्त्ये फान पुटेन या तिच्या पहिल्या अध्यक्षा होत. पाठोपाठ १९७३ चे तेलसंकट आले आणि काही रविवारी मोटारींना बंदी झाल्याने मोकळ्या रस्त्यांचा अनुभव नागरिकांना मिळाला.

या चळवळीने प्रश्नाची मांडणीच बदलली. मूल रस्त्यावर का आले, असे न विचारता मोटार इतक्या वेगाने तेथे का आली, असे तिने विचारले. याचे परिणाम केवळ सायकलमार्गांपुरते राहिले नाहीत. १९७६ मध्ये निवासी गल्ल्यांत पादचाऱ्यास प्राधान्य देणाऱ्या 'वोनएर्फ' या व्यवस्थेस कायद्याची मान्यता मिळाली. १९८० च्या दशकात ताशी ३० किलोमीटर वेगमर्यादेची क्षेत्रे आली.

सायकलमार्गांचे प्रयोगही याच काळात झाले. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात हेग व टिलबुर्ख या शहरांत प्रत्येकी एक उत्तम प्रात्यक्षिक मार्ग बांधण्यात आला. त्या मार्गांवर सायकलस्वार वाढले. परंतु त्यांतील बरेचसे शेजारच्या रस्त्यांवरून आलेले होते. सुटा मार्ग शहराचे चित्र पालटू शकत नाही, हा धडा घेऊन डेल्फ्ट शहरात शहर, विभाग व वस्ती अशा तीन स्तरांवर परस्परांस जोडलेले जाळे विकसित करण्यात आले.

येथे एक बाब नमूद करणे आवश्यक आहे. नेदरलँड्समध्येही ठराविक चिन्ह असलेल्या सायकलमार्गाचा वापर बंधनकारकच आहे. म्हणजे ब्रिटिश सायकलस्वारांना ज्या सक्तीची धास्ती होती, ती तेथे अस्तित्वात असूनही सायकल संपली नाही. भेद सक्तीत नसून तिच्या मोबदल्यात काय मिळाले यात आहे. मोटार व सायकल यांच्या अपघातात नुकसानभरपाईचा भार कायद्याने प्रामुख्याने मोटारधारकावर टाकला. १४ वर्षांखालील मुलांच्या बाबतीत तर तो जवळजवळ संपूर्ण आहे. डिसेंबर १९९९ मध्ये वस्तीच्या भागातील मोपेड सायकलमार्गांवरून काढून मोटाररस्त्यावर आणण्यात आल्या. मे २००१ पासून समान दर्जाच्या चौकात उजवीकडून येणाऱ्या सायकलस्वारास मोटारीच्या बरोबरीचा अग्रहक्क मिळाला. मार्ग आधी आले आणि हक्क टप्प्याटप्प्याने मागून आले, असा हा क्रम आहे.

आधुनिक अभ्यासांची साक्ष

संरक्षित मार्गांविषयीचे आधुनिक अभ्यास प्रथमदर्शनी परस्परविरोधी वाटतात. माँट्रियल येथील २०११ च्या अभ्यासात संरक्षित मार्गांवर इजेचा धोका तुलनेच्या रस्त्यांपेक्षा २८ टक्क्यांनी कमी आढळला. टोरांटो व व्हँकुव्हर येथील जखमी सायकलस्वारांवर आधारित २०१२ च्या अभ्यासात, उभ्या मोटारी असलेल्या व सायकलची सोय नसलेल्या मोठ्या रस्त्यांच्या तुलनेत हा धोका सुमारे एक नवमांश दिसला. अमेरिकेतील १२ शहरांच्या १३ वर्षांच्या आकडेवारीवर मार्शल व फेरेन्चाक यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अलग मार्गांचे प्रमाण अधिक असलेल्या शहरांत सर्वच प्रकारच्या रस्तावापरकर्त्यांचे मृत्यू कमी असल्याचे आढळले.

याउलट कोपनहेगन येथील सोरेन उंडरलीन येन्सन यांच्या अभ्यासात सायकलमार्ग बांधल्यानंतर अपघात व इजा सुमारे ९ ते १० टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. मात्र त्याची फोड महत्त्वाची आहे. दोन चौकांमधील सरळ भागात अपघात घटले. वाढले ते चौकांत. रस्त्याकडेची वाहने हटविल्याने ती आडरस्त्यांकडे वळू लागली आणि सायकलमार्ग छेदणारी वळणे वाढली, हे त्याचे एक कारण होते. शिवाय त्याच मार्गांवर सायकल-मोपेडची रहदारी १८ ते २० टक्क्यांनी वाढली होती. नेदरलँड्समधील शेपर्स व सहकाऱ्यांच्या २०११ च्या अभ्यासात, चौकापाशी सायकलमार्ग मोटाररस्त्यापासून २ ते ५ मीटर अंतरावर घेतल्यास धोका घटतो आणि मार्ग दुहेरी असल्यास तो वाढतो, असे आढळले. वळणारा मोटारचालक त्या अंतरात सायकलस्वारास पाहू शकतो, हे त्यामागील साधे कारण.

हे सर्व एकत्र वाचले असता विरोध मावळतो. सरळ रस्त्यावर कडा रक्षण करते. चौकात कडा नसते, तेथे रक्षण रचना, वेग आणि अग्रहक्क यांनीच होते. १९३० च्या दशकातील ब्रिटिश सायकलस्वारांचा तांत्रिक आक्षेप नेमका हाच होता. त्यांचे निदान बरोबर होते. परंतु त्यावरून मार्गच नकोत असा जो निष्कर्ष त्यांनी काढला, त्याची किंमत पुढील पिढ्यांनी मोजली.

मर्यादा

नेदरलँड्समधील रस्तेमृत्यूंची संख्या २०१३ मध्ये ५७० पर्यंत घटली. परंतु या घटीचे संपूर्ण श्रेय सायकलमार्गांना देणे इतिहासदृष्ट्या अयोग्य ठरेल. आसनपट्टे, वैद्यकीय सेवा, वेगमर्यादा व मद्यपानविरोधी कायदे यांचाही त्यात वाटा आहे. शिवाय २०१७ मध्ये तेथे प्रथमच सायकलस्वारांचे मृत्यू मोटारीतील व्यक्तींच्या मृत्यूंपेक्षा अधिक झाले आणि २०२२ मध्ये ते २९१ पर्यंत पोहोचले. मृतांत वृद्धांचे प्रमाण मोठे असून विजेवरील सायकलींचा प्रसार हा नवा घटक आहे. मोटारीचा संबंध नसलेल्या पडझडीवर मोटारीपासूनचे विभक्तीकरण हा उपाय नव्हे.

भारतीय संदर्भ

२००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने सायकली व पादचारी यांच्यासाठी स्वतंत्र मार्गांचा पुरस्कार केला. एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्यात बी.आर.टी. मार्गांलगत असे मार्ग बांधले गेले आणि २०१७ मध्ये महानगरपालिकेने शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. परंतु चौकाआधी संपणारा मार्ग, त्यावर उभी वाहने आणि गर्दीच्या वेळी घुसणाऱ्या दुचाकी, हा तेथील परिचित अनुभव वेस्टर्न ॲव्हेन्यूच्या तक्रारींशी जुळतो. दुचाकींच्या बाबतीत १९९९ चा डच निर्णय आपल्याकडे विशेष अभ्यासण्याजोगा आहे.

निष्कर्ष

१) संरक्षित सायकलमार्ग सरळ रस्त्यावर सुरक्षितता वाढवितात, याला पुरेसा आधार आहे. चौकांतील रचना सदोष असल्यास हा लाभ अंशतः वा पूर्णतः नष्ट होतो.

२) सुटे मार्ग फारसे परिणामकारक ठरत नाहीत, सलग जाळे आवश्यक असते.

३) बांधकाम सारखेच असले तरी हेतू भिन्न असू शकतो. मोटारीस वाट करून देण्यासाठी बांधलेला मार्ग चौकात सायकलस्वारास वाऱ्यावर सोडतो. मोटारीस आवर घालण्याच्या धोरणाचा भाग म्हणून बांधलेला मार्ग त्यास चौकापलीकडे सुखरूप नेतो.

४) म्हणून नवीन सायकलमार्गाचे मूल्यमापन त्याच्या किलोमीटरमधील लांबीवरून न करता त्यावरील चौकांवरून करावे. शाळेत जाणारे मूल त्या चौकातून एकटे पार होऊ शकते काय, हा निकष १९७२ मध्ये जितका योग्य होता तितकाच आजही आहे.