लांब हुकूम, आखूड नाव: एलियसची गोष्ट

कोरपन्याहून बोलतोय. आजचा विषय एलियस, म्हणजे कमांड लाइनवर लांबलचक कमांडला आपण स्वतः दिलेलं आखूड नाव. कमांड मी उच्चाराप्रमाणे सांगतोय. टाइप करताना त्या इंग्रजी अक्षरांतच टाका.

युक्ती कॉम्प्युटरच्या आधीची आहे. आपल्या पत्रांत ‘सा. न. वि. वि.’ असायचं, वाचणारा मनातल्या मनात ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ करून घ्यायचा. तारेत शब्दागणिक पैसे पडत, म्हणून तार खात्याने शुभेच्छांना नंबरच देऊन ठेवले होते. 1 म्हणजे दिवाळी, 8 म्हणजे सुखी वैवाहिक जीवनासाठी. पलीकडच्या टोकाला पूर्ण वाक्य उमटायचं. 2013 च्या जुलैत तार बंद झाली. पण हे नंबर खात्याने ठरवलेले होते. व्यापारी पेढ्या मात्र फी भरून एका शब्दाचा स्वतःचा तारेचा पत्ता नोंदवत. एलियस त्या जातीचं: नाव तुमचं, अर्थही तुम्ही ठरवलेला.

आता कॉम्प्युटर. 1963-64 च्या सुमारास एमआयटीच्या सीटीएसएस यंत्रणेवर लुई पूझां या फ्रेंच माणसाने रनकॉम लिहिलं. कमांडी एका फाइलीत ठेवायच्या आणि एका नावाने सगळ्या चालवायच्या. ‘बॅशआरसी’ फाइलीच्या शेपटीतलं ‘आरसी’ तिथूनच आलंय. पुढे बेल लॅब्समध्ये युनिक्स झालं ते टेलिटाइपवर. मॉडेल 33 सेकंदाला जेमतेम 10 अक्षरं छापायचं आणि कळाही जड. म्हणून कॉपीचं ‘सीपी’ झालं, मूव्हचं ‘एमव्ही’, लिस्टचं ‘एलएस’. आपण आज टाइप करतो ती त्यांच्या बोटांची सोय आहे.

वापरणाऱ्याला स्वतःचं नाव ठेवायची सोय युनिक्सवर रुजवली बर्कलीच्या बिल जॉयने, 1970 च्या दशकाच्या शेवटी, सी शेलमध्ये. 1979 च्या बोर्न शेलमध्ये ती नव्हती. कॉर्न शेलने घेतली आणि 1989 मध्ये ब्रायन फॉक्सच्या बॅशनेही घेतली. गंमत म्हणजे बॅशचं मॅन्युअलच म्हणतं, बहुतेक कामांना एलियसपेक्षा फंक्शन बरं. बरोबरच आहे ते. बॅशचं एलियस नुसतं शब्दाच्या जागी शब्द ठेवतं, मध्येच फाइलचं नाव घालायचं म्हटलं की अडतं.

आमच्या भागात मराठी, गोंडी, कोलामी, तेलुगू सगळं कानावर पडतं. इथल्या मुलाला ‘एलएस’ म्हणजे त्याला न येणाऱ्या शब्दाचा तुकडा. बॅशमध्ये एलियसच्या नावात स्लॅश, डॉलर, बरोबरचं चिन्ह अशा काही गोष्टी चालत नाहीत, देवनागरी मात्र चालते. एलियस म्हणायचं, ‘यादी’ म्हणजे ‘एलएस’. मग ‘यादी’ टाका, फाइली समोर. यात वेळ वाचत नाही हं, कीबोर्ड मराठीत बदलण्यातच तो जातो. पण कमांड म्हणजे काय ते पोराला पहिल्याच दिवशी कळतं. फक्त ही ओळ बॅशआरसीत लिहिली तरच टिकते, आणि त्याच मशीनवर. नागपूरच्या मशीनला ‘यादी’ माहीत नाही. स्क्रिप्टमध्येही बॅश एलियस एरवी उघडत नाही.

‘नाही चाललं’ इतकंच असेल तर बिघडत नाही. भीती वेगळ्या ठिकाणी आहे. रेड हॅटच्या लिनक्सवर रूट खात्यात ‘आरएम’ हेच मुळी ‘आरएम उणे आय’चं एलियस असतं, म्हणजे पुसण्याआधी विचारणारं. त्या प्रश्नाची सवय लागते. मग माणूस दुसऱ्या मशीनवर बसतो, तिथे तो प्रश्न येतच नाही आणि फाइल जाते. कचऱ्याच्या डब्यात नाही, कायमची.

माझं मत सांगतो. असलेल्या नावाला हात लावू नका. ‘आरएम उणे आय’ला ‘पुसा’ म्हणा. ज्या मशीनवर ‘पुसा’ नसेल, तिथे ‘कमांड सापडली नाही’ एवढंच उत्तर येईल आणि फाइल जागच्या जागी राहील.