जमिनीवरचें विमान

1920 सालीं एडविन लिंक नांवाच्या एका अमेरिकन मुलानें विमान चालविण्याचा पहिला धडा घेतला. त्याचे 50 डॉलर पडले. विमानानें आकाशांत कोलांट्या घेतल्या, गिरक्या मारल्या आणि तें खालीं उतरलें. शिष्याचा हात मात्र एकदांही दांड्याला लागला नाहीं. गुरुजींनीं विहिरींत पोहावें आणि मुलानें काठावर बसून तें पाहावें, त्यांतलाच हा प्रकार! तरी त्या शिक्षकाला फारसा दोष देतां येत नाहीं. यंत्र मोलाचें, चूक जिवावर बेतणारी. आणि चुकल्यावांचून तर हात बसत नाहीं. विमानच काय, क्रेन किंवा माती उपसणारें अवजड यंत्र शिकवितांनाही हीच अडचण पुढें उभी राहते.

लिंकच्या वडिलांचा न्यूयॉर्क राज्यांतील बिंगहॅम्टन गांवीं ऑर्गन व आपोआप वाजणारे पियानो करण्याचा कारखाना होता. भाते, झडपा, हवा ओढणारे पंप हे सारें मुलानें तेथेंच हाताळलें होतें. 1927 ते 1929 या काळांत त्यानें कारखान्याच्या तळघरांत आखूड पंखांचें एक लांकडी विमान तयार केलें आणि तें भात्यांवर बसविलें. बाजाच्या पेटीचा भाता ज्यानें पाहिला आहे त्याला त्यांतील करामत चटकन् समजेल. चालकानें दांडा डावीकडे कलविला कीं झडप उघडे, त्या बाजूच्या भात्यांतील हवा ओढली जाई, भाता दबे आणि विमान डावीकडे कले. ना पेट्रोलचा खर्च, ना पडण्याची भीति. 1931 मध्यें पेटंट मिळालें. पण विमानविद्यालयांनीं तिकडे फारसें लक्ष दिलें नाहीं. नाणें टाकून झुलण्याचें खेळणें म्हणून तें करमणुकीच्या बागांतून खपलें, इतकेंच.

पारडें फिरलें तें 1934 सालीं, आणि फार दुःखद रीतीनें. फेब्रुवारींत अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं खासगी कंपन्यांचे हवाई टपालाचे करार रद्द करून तें काम लष्करी वैमानिकांवर सोंपविलें. धुक्यांत व हिमवर्षावांत केवळ उपकरणांकडे पाहून विमान नेण्याचा सराव त्यांच्यांपैकीं फारच थोड्यांना होता. कांहीं आठवड्यांतच दहांहून अधिक वैमानिक प्राणांस मुकले. मग लष्करानें सुमारें 3,500 डॉलरांना एक, अशीं सहा लिंकयंत्रें विकत घेतलीं.

या यंत्राची खरी खुबी निराळीच आहे. त्यावर टोप बसविलेला असे. आंत बसणाऱ्याला बाहेरचें कांहींच दिसत नसे, दिसत त्या फक्त तबकड्यांवरील सुया. धुकें म्हणजे न दिसणें, आणि न दिसणें फुकट मिळतें! देखाव्याची नक्कल, जी सर्वांत महाग पडली असती, तिची गरजच उरली नाहीं. बाहेर मेजाशीं बसलेल्या शिक्षकासमोर, नकाशावर, तीन चाकांचें एक छोटें यंत्र विद्यार्थ्याच्या मार्गाची शाईची रेघ ओढीत जाई. तो कोठें भरकटला तें कागदावरच उमटे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरपर्यंत अशीं सुमारें 10,000 यंत्रें तयार झालीं आणि त्यांवर सुमारें पांच लाख वैमानिक शिकले.

क्रेनच्या चालकाची गोष्ट वेगळी. त्याचें डोळे झांकून भागत नाहीं; दोरावर झुलणारें ओझें किती दूर आहे हें त्याला दिसलेंच पाहिजे. म्हणून अशा यंत्रांच्या सिम्युलेटरला संगणकाच्या चित्राची वाट पाहावी लागली. व्हिडिओ खेळांच्या धंद्यामुळें आज तें चित्र स्वस्त झालें आहे. आसन हलविण्यासाठीं स्ट्यूअर्ट यानें 1965 सालीं मांडलेली सहा पायांची बैठकही वापरतात. कठीण उरतें तें मातीचें. लोखंडी बादली खडकाला अडली म्हणजे जो धक्का आसनापर्यंत पोंचतो, तो तरफेच्या हालचालीबरोबर तत्क्षणीं आला नाहीं, तर शिकणाऱ्याच्या हाताला भलतीच सवय जडते. मग पडद्यावरची टेकडी कितीही हुबेहूब असो.