मालाडची ‘अछूत कन्या’ आणि १९३६ साल

दहिसरहून चर्चगेटकडे निघालं की बोरिवली, कांदिवली आणि मग मालाड. याच मालाडमध्ये १९३४ साली हिमांशू राय आणि देविका राणी यांनी ‘बॉम्बे टॉकीज’ उभी केली. दिग्दर्शक म्युनिकचे फ्रान्झ ऑस्टेन, कॅमेऱ्यामागे जोसेफ विर्शिंग हे दुसरे जर्मन. कथा निरंजन पाल यांची. संगीत सरस्वतीदेवींचं; या मूळच्या पारशी, खुर्शीद मिनोचर-होमजी. या मंडळींनी १९३६ मध्ये ‘अछूत कन्या’ बनवला.

रेल्वे फाटकवाल्याची दलित मुलगी कस्तुरी आणि किराणा दुकान चालवणाऱ्या ब्राह्मणाचा मुलगा प्रताप यांची ही कहाणी. दोघांच्या बापांची दोस्तीसुद्धा गावाला खपत नाही. जमाव घर पेटवतो. दोघांची लग्नं दुसरीकडे लागतात. शेवटी त्याच फाटकावर, प्रताप आणि आपला नवरा यांची मारामारी सुटावी म्हणून कस्तुरी गाडी थांबवायला धावते आणि जीव गमावते.

आता त्या काळाकडे पाहा. सप्टेंबर १९३५ मध्ये जर्मनीत न्यूरेंबर्ग कायदे आले. ज्यू आणि ‘जर्मन रक्ताचे’ लोक यांच्यातलं लग्न गुन्हा ठरलं. १९३६ मध्ये ऑस्टेन नाझी पक्षाचे सभासद झाले. म्हणजे ज्या बंदीवर त्यांनी इथल्या प्रेक्षकांना रडवलं, तीच बंदी त्यांच्या पक्षानं तिकडे कायदा म्हणून लादली होती.

इकडे ऑक्टोबर १९३५ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी येवल्यात धर्मांतराची घोषणा केली. लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं त्यांचं भाषण रद्द केलं, तेव्हा मे १९३६ मध्ये त्यांनी ते स्वतःच छापलं. त्यात जात मोडण्याचा खरा उपाय सांगितला होता: आंतरजातीय विवाह. चित्रपट तिथवर गेला नाही. कस्तुरी मरते, गाव तसंच राहतं आणि प्रेक्षक डोळे पुसून घरी जातो.

१९३९ मध्ये महायुद्ध पेटलं आणि ऑस्टेन यांना इंग्रज सरकारनं अटक केली. पुढे ते जर्मनीला परतले. विर्शिंगही कैदेत पडले, पण सुटल्यावर इथेच राहिले. कमाल अमरोहींचा ‘महल’ त्यांनी टिपला, ‘पाकीजा’चं बरंचसं चित्रणही त्यांचंच. १९६७ मध्ये ते मुंबईतच वारले.

अन्यायावर रडणं आणि अन्याय सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण मुसलमान मसावातबद्दल, म्हणजे समतेबद्दल अभिमानानं बोलतो. मशिदीत एका सफेत उभे राहतो. पण मुलीचं स्थळ आलं की पहिला सवाल असतो, ‘बिरादरी कोणती?’ कस्तुरीसाठी रडणाऱ्यानं आधी या सवालाचं काय करायचं ते ठरवावं.