ढेकूण कोणाचा?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी या भागाचा मजकूर. बोललोय तसाच ठेवलाय, फक्त मधले 'म्हणजे' थोडे कमी केलेत.

आज एक कबुली द्यायची आहे. इतिहासाच्या पॉडकास्टवर कबुली कसली, असं वाटेल, पण ऐका.

काही वर्षांपूर्वी मी पुण्यात कॉट बेसिसवर राहायचो. एका खोलीत चौघं. त्या हिवाळ्यात मी बनारसला जाऊन आलो. स्टेशनजवळची डॉर्मिटरी, एका बेडचे ३०० रुपये, सहा रात्री. परत आल्यावर साधारण तीन आठवड्यांनी खोलीतल्या सगळ्यांच्या हातांवर ओळीनं लाल गांधी उठायला लागल्या. एका रात्री गादी उचलली, तर ढेकूण. आम्ही तिघांनी पाच मिनिटांत निकाल लावून टाकला : चौथ्याची गोधडी. तो बीडकडचा, नुकताच आलेला, घरून गोधडी घेऊन आलेला. "तुझ्या गोधडीतूनच आलेत," हे वाक्य माझं होतं. तो काहीच बोलला नाही. आठवड्याभरात त्यानं खोली सोडली. ढेकूण मात्र राहिले.

मग एक दिवस मी माझी सॅक धुवायला काढली. पट्ट्याच्या शिवणीत काळे ठिपके, पांढरी कात आणि दोन जिवंत ढेकूण. तिथून मी या प्राण्याचा इतिहास वाचायला लागलो.

सगळ्यात आधी सापडली ती आपलीच गोष्ट. पंचतंत्रातली. राजाच्या पलंगात मंदविसर्पिणी नावाची ऊ सुखानं राहत असते. तिथे अग्निमुख नावाचा ढेकूण पाहुणा म्हणून येतो आणि राजाचं रक्त चाखू दे म्हणून गयावया करतो. ऊ म्हणते, ठीक आहे, पण राजा गाढ झोपल्यावर. याला कुठला धीर! तो लगेच चावतो, राजा उठतो, नोकर दिवे घेऊन शोधायला लागतात. ढेकूण खाटेच्या फटीत पसार. सापडते कोण? ऊ. तिलाच मारतात. लहानपणी मला ही गोष्ट 'अनोळखी पाहुण्याला घरात घेऊ नका' अशी सांगितली होती. आता वाचताना मला फक्त ते नोकर दिसत होते.

ढेकूण माणसाबरोबर किती जुना आहे? इजिप्तमध्ये अमार्ना इथं उत्खनन झालं, तेव्हा कामगारांच्या वस्तीत ढेकणांचे अवशेष मिळाले, तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचे. त्याला पंख नाहीत, त्याला उडी मारता येत नाही. तो जगभर पोचला तो आपल्या अंथरुणातून आणि सामानातून. बाहेरून आलेल्या माणसावर आळ घ्यायचा म्हटला, तर प्रत्येक प्रवासी आरोपी आहे.

आणि आळ घेतला गेलाच. १७३० साली लंडनमध्ये जॉन साउथॉल नावाच्या माणसानं ढेकणांवर एक छोटं पुस्तक काढलं. हा ढेकूण मारायचं औषध विकायचा. औषधाची कृती त्याला जमैकात एका वृद्ध कृष्णवर्णीय माणसाकडून मिळाली होती, खाण्यापिण्याच्या सामानाच्या बदल्यात. पुस्तकात साउथॉल सांगतो की १६६६ च्या मोठ्या आगीनंतर लंडन पुन्हा बांधायला परदेशी लाकूड आलं आणि त्यातून ढेकूण आले. ऐकायला पटतं, पण चूक आहे. १५८३ मध्येच लंडनजवळच्या मॉर्टलेकमधल्या दोन उमराव घराण्यातल्या बायकांच्या अंगावर चट्टे उठले होते. प्लेग झाला म्हणून त्या घाबरल्या, डॉक्टरनं ढेकूण दाखवले. म्हणजे आगीच्या ऐंशी-पंच्याऐंशी वर्षं आधी, आणि तेही बड्या घरात. २०२३ मध्ये पॅरिसमध्ये ढेकणांची बोंब झाली, तेव्हाही एका टीव्ही चर्चेत प्रश्न आलाच : हे स्थलांतरितांमुळे तर नाही ना? आमच्या खोलीत जे झालं, तेच.

मग मधल्या काळात ढेकूण गेले कुठे? आपल्या आजी-आजोबांना विचारा. खाट उन्हात टाकून आपटणं, फटींत उकळतं पाणी ओतणं, पायांखाली रॉकेलच्या वाट्या ठेवणं हा सुट्टीतला ठरलेला कार्यक्रम असायचा. बाल्कन देशांत लोक रात्री पलंगाभोवती घेवड्याची पानं पसरायचे. पानांवरच्या आकड्यासारख्या बारीक केसांत ढेकणाचे पाय अडकायचे, सकाळी पानं गोळा करून जाळायची. २०१३ मध्ये शास्त्रज्ञांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर ते केस पायांत चक्क घुसतात. (मला ही पानं जाम आवडली. पण लॉजवाल्याकडे घेवडा मागणार कसा?)

मग आलं डीडीटी. पॉल म्यूलरनं १९३९ मध्ये त्याचा कीटकांवरचा परिणाम शोधला, १९४८ मध्ये त्याला नोबेल मिळालं. एकदा फवारलं की महिनोन्‌महिने असर. पण १९४७ सालीच हवाईतल्या पर्ल हार्बरच्या बराकींत डीडीटीला न जुमानणारे ढेकूण सापडले होते. म्हणजे नोबेलच्या आधी! तरी पुढची काही दशकं श्रीमंत देशांत ढेकूण जवळजवळ दिसेनासे झाले आणि एका अख्ख्या पिढीनं ढेकूण पाहिलाच नाही. २००० च्या आसपास ते परत आले, नव्या औषधांनाही दाद न देणारे. तोवर लोक गादी उलटून बघायची सवय विसरले होते. माझं तर तसंच झालं. ढेकूण दिसतो कसा, हेच मला माहीत नव्हतं. मसुरीच्या डाळीएवढा, तशाच लालसर तपकिरी रंगाचा आणि चपटा.

आता स्वस्त खोलीत शिरलो की सॅक आधी बाथरूममध्ये, फरशीवर. मग मोबाइलचा टॉर्च लावून गादीची शिवण, कोपरे, उशाकडच्या फळीमागची फट. काळे ठिपके दिसले, तर खोली बदलून मागतो, आणि शेजारची नाही. सॅक बेडवर कधीच नाही. मळके कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून, कारण २०१७ च्या एका प्रयोगात दिसलं की ढेकूण धुतलेल्या कपड्यांपेक्षा घातलेल्या कपड्यांकडे जास्त जातात. घरी आल्यावर कपडे थेट कडक गरम पाण्यात. पन्नासच्या वर तापमान गेलं की ढेकूण आणि अंडी दोन्ही मरतात. आजीचं उकळतं पाणी बरोबरच होतं. आणि चावलाच, तर खाज सुटते, झोप जाते, पण तो कुठला रोग पसरवत असल्याचं सिद्ध झालेलं नाही.

हा भाग रेकॉर्ड करायच्या आधी मी त्या मित्राला फोन केला. सॅकचं सांगितलं, माफी मागितली. तो हसला. म्हणाला, "अरे, ती गोधडी मी तेव्हाच घरी नेली होती. आईनं मोठ्या पातेल्यात उकळली. एक ढेकूण निघाला नाही. आज्जीच्या लुगड्याची होती ती, सगळा रंग उतरला तिचा."

मला पुढे काही बोलता आलं नाही. तोच म्हणाला, "पुण्याला आलो की भेटू."

आज इतकंच.