डार्विन आणि त्याचे अनाम भाऊबंद

आपल्यापैकी बहुतेकांना ९ डिसेंबर २०१२ चा तो रविवार आठवत असेल. टोरोंटोच्या नॉर्थ यॉर्क भागात आयकियाच्या वाहनतळावर मेंढीच्या कातड्याचा छोटा कोट घातलेले माकडाचे एक पिल्लू भेदरून फिरत होते. मालकिणीच्या गाडीतून ते निसटले होते. जात जपानी मकाक, नाव डार्विन. संध्याकाळपर्यंत त्याचा फोटो जगभर गेला. त्याच्या नावाने लोक खोटी खाती उघडून विनोद लिहू लागले. आपल्या घरांतही तो फोटो पुण्या-नाशिकच्या नातेवाइकांकडून परत आपल्याकडेच आला!

टोरोंटोत माकड पाळायला बंदी आहे. त्यामुळे मालकिणीला दंड झाला आणि पिल्लाची रवानगी सन्डरलंड गावाजवळच्या माकडांच्या आश्रमात झाली. मालकीण कोर्टात गेली. सप्टेंबर २०१३ मध्ये न्यायमूर्ती मेरी व्हॅली यांनी निकाल दिला की माकड हा वन्य प्राणी आहे आणि तो निसटला तेव्हाच त्याच्यावरची मालकी संपली. लोक कोटावर हसत राहिले, पण आईपासून तोडलेल्या पिल्लाला कपड्यांत का कोंबायचे, हा खरा प्रश्न होता. तो फार थोड्यांनी विचारला.

याच शहरात डार्विनच्या सुमारे साठ वर्षे आधी आलेल्या माकडांना तर नावेही नव्हती. १९५३ साली कॅनडात पोलिओची मोठी साथ आली. सुमारे ९,००० रुग्ण आणि ५०० च्या आसपास मृत्यू. त्या वेळी टोरोंटोच्या कॉनॉट प्रयोगशाळेत डॉ. लिओन फॅरल यांनी मोठमोठ्या बाटल्या यंत्रावर झुलवत पोलिओचा विषाणू भरपूर प्रमाणात वाढवण्याची पद्धत बसवली. डॉ. साल्क यांच्या लशीची १९५४ ची प्रचंड चाचणी तिच्यामुळे शक्य झाली. हा विषाणू वाढे माकडांच्या मूत्रपिंडांच्या पेशींवर, आणि त्यासाठी माकडे मारावी लागत. त्या काळी जगभर या कामासाठी लागणारी बहुतेक ऱ्हीसस माकडे, म्हणजे आपली लाल तोंडाची माकडे, भारतातून विमानाने जात. जानेवारी १९५५ मध्ये लंडन विमानतळावर अशी सुमारे ४०० माकडे गुदमरून मेली. तेव्हा भारताने निर्यात काही काळ थांबवली. पुढे १९७८ साली, मोरारजी देसाई पंतप्रधान असताना, ती कायमची बंद झाली.

आपल्या मुलांचे पाय शाबूत राहिले, त्यात त्या मुक्या जिवांचा वाटा आहे. लस नको होती असे आम्ही म्हणत नाही. पण ऋण तरी ओळखावे.

आणि तिकडे आपल्या बीड जिल्ह्यातले लवूळ गाव पाहा. डिसेंबर २०२१ मध्ये तिथली वानरे कुत्र्यांची पिल्ले उचलून नेतात म्हणून गाव हैराण झाले होते. वनखात्याने दोन वानरे पकडली. जगभर मात्र ‘वानरांनी सूड घेतला’ अशी चित्रे आणि चुटके फिरले. सूडाची कल्पना अभ्यासकांना मान्य नव्हती, पण गंमत थांबली नाही. गावकऱ्यांचा त्रास आणि पिल्लांचे मरण दोन्ही हसण्यात बुडाले.

मारुतीच्या देवळात नारळ वाढवणारी आपण माणसे. आपल्या मनात माकडाबद्दल माया आहे, पण मायेने पाहणे वेगळे आणि तमाशा पाहणे वेगळे. पुढच्या वेळी मुलांनी असा एखादा फोटो हसत हसत दाखवला, तर त्यांच्याबरोबर जरूर हसावे. मग एवढेच विचारावे: हे पिल्लू इथे आले कुठून, आणि याची आई कुठे आहे?